महिन्याची चित्रपट-यादी आणि माणदेश: निवडीच्या इतिहासातील एक प्रकरण

नोव्हेंबर २०१९ मध्ये मुबी ही चित्रपट-सेवा भारतात सुरू झाली, तेव्हा तिच्या व्यवस्थेत एक नियम मध्यवर्ती होता. रोज एक चित्रपट यादीत दाखल होई, तीस दिवस राही आणि मग मागे घेतला जाई. कोणत्याही क्षणी प्रेक्षकासमोर तीसच चित्रपट असत: काही अभिजात म्हणून मान्यता पावलेले, काही ‘स्वतंत्र’ या विशेषणाने ओळखले जाणारे. इफे चाकारेल यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या या सेवेने मे २०२० मध्ये आपला जुना साठाही खुला केला आणि तीस दिवसांच्या नियमाचा काच सैल झाला. तरीही महिनाभराची साक्षेपी निवड हीच तिची ओळख राहिली. हजारो शीर्षकांच्या कोठारासमोर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला कोणीतरी जाणत्याने थोडके निवडून द्यावे, या गरजेवर ती उभी होती.

चित्रपटाच्या संदर्भात ही कल्पना नवी वाटली, तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ती परिचित असायला हवी. ‘निवडक’ या शब्दाने सुरू होणारी पुस्तके, विद्यापीठीय अभ्यासक्रम, वाङ्मयेतिहासातील प्रकरणांची वाटणी ही सर्व निवडीचीच रूपे आहेत. आणि निवड करणाऱ्याची अभिरुची कालांतराने कृतीच्या अंगभूत गुणासारखी दिसू लागते, हेही वाङ्मयसमीक्षेने पुरेसे दाखवून दिले आहे. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हा विचार मराठीत फारसा झालेला नाही. याद्या झाल्या, त्यांच्यावर वाद झाले. पण यादी कोणत्या प्रेक्षकाला गृहीत धरून केली जाते, हा प्रश्न मागे राहिला. तो तपासायचा तर मुंबई-पुण्यापेक्षा एखाद्या कोरड्या मुलखाकडून सुरुवात करणे उपकारक ठरते. माणदेश हा असा मुलूख आहे. या प्रदेशाने अभिजाताच्या यादीला कथा पुरवल्या, माणसे पुरवली. यादी मात्र त्याच्याकडे प्रेक्षक म्हणून कधी पाहू शकली नाही.

महिन्याच्या यादीचा भारतीय पूर्वज म्हणजे फिल्म सोसायटीचे मासिक कार्यक्रमपत्रक. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये अशा संस्थांचा महासंघ झाला. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि पी. के. नायर यांच्या आस्थेमुळे त्याचे स्वरूप निव्वळ गोदामाचे राहिले नाही. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले; सुधीर नांदगावकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याला मराठी चेहरा दिला आणि ‘वास्तव रूपवाणी’मधून चित्रपटविषयक लेखनाची एक परिभाषाही घडवली. या संस्थांचे पत्रक तयार होण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. वकिलातींकडून येणाऱ्या प्रती, संग्रहालयाच्या वितरण विभागातील सोळा मिलिमीटरच्या प्रती, पेट्या रेल्वेने पोचण्याचे वेळापत्रक, सभागृह मिळण्याची तारीख, या सर्वांच्या मेळातून महिन्याचे चार-पाच चित्रपट ठरत. अभाव येथे खरा होता. आजच्या सेवेने तीस दिवसांची मुदत घालून तो कृत्रिमरीत्या निर्माण केला, इतकाच फरक. प्रेक्षकाच्या मनावर होणारे संस्कार दोन्हीकडे सारखेच. आज पाहिले नाही तर पुन्हा दिसणार नाही, या जाणिवेने पाहणे गंभीर होते.

पण त्या अभावाचे एक दुसरे अंगही होते. सोसायटीचे प्रदर्शन सभासदांपुरते असे. सेन्सॉर प्रमाणपत्राच्या अटीतून मिळणारी सवलतही याच बंदिस्तपणावर आधारलेली होती. सभासद होण्यासाठी वर्गणी लागे, इंग्रजी उपशीर्षके वाचण्याचा सराव लागे आणि संध्याकाळ मोकळी असावी लागे. म्हणजे ‘चोखंदळ प्रेक्षक’ ही वर्गवारी चित्रपट सुरू होण्यापूर्वीच दारात पूर्ण झालेली असे. माणदेशातून मुंबईला गेलेला माथाडी कामगार किंवा गिरणी कामगारही याच शहरात राहत होता, चित्रपटही पाहत होता. पण तो लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात बसून मराठी चित्रपट पाहत होता. काही मैलांच्या अंतरावरच्या या दोन अंधाऱ्या खोल्यांमध्ये कार्यक्रमपत्रकाची देवाणघेवाण कधी झाली नाही.

सातारा जिल्ह्याचा माण तालुका, खटावचा पूर्वभाग, सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि त्यांना लागून असलेली सोलापूरच्या बाजूची गावे मिळून होणारा हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. माणगंगा वर्षाचा बराचसा काळ वाळूचीच नदी. मेंढरांमागे फिरणारा धनगर, हंगाम संपताच मुंबई गाठणारा मजूर, सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आटपाडी-खानापूरकडची कुटुंबे, हे येथील लोकजीवन मुळातच स्थिर राहणारे नाही. चित्रपटही येथे बराच काळ फिरताच आला. पश्चिम महाराष्ट्रातील जत्रांमधून तंबू ठोकणारी फिरती चित्रपटगृहे पंचांगाच्या महिन्यावर चालत. चैत्र-वैशाखात यात्रांचा हंगाम भरे, मृगापूर्वी तंबू गुंडाळला जाई. ट्रकवर प्रोजेक्टर, जमिनीवर बैठक, मध्ये पडदा. अशा तंबूवाल्याची निवडही निवडच होती. त्याला गावाची नस ठाऊक असावी लागे: कोणत्या यात्रेत देवाचा चित्रपट लावायचा, कोणत्या रात्री तमाशापट, तिसऱ्या खेळाला काय उतरवायचे. या निवडीचे दस्तऐवज नाहीत, तिच्यावर परिसंवाद झाले नाहीत, म्हणून ती अभिरुचीचा भाग मानली गेली नाही.

या प्रदेशाला साक्षेपी निवडीची ओळखच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडले. त्यात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृती आहेत आणि हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्पही आहे. देवीच्या दर्शनाला येणाऱ्या माणसाच्या वाटेवरच ते मांडलेले आहे. संस्थानिकाची अभिरुची प्रजेवर लादण्याचा हा प्रकार म्हणावा काय? काही अंशी म्हणावा लागेल. पण तिथे प्रवेशासाठी आधी चोखंदळ असण्याची अट नव्हती. नांगर सोडून डोंगर चढलेल्या शेतकऱ्यासमोर मूरचे शिल्प येऊ शकते, त्याला ते आवडो वा न आवडो, एवढे गृहीत या मांडणीत होते. आणि नंतरच्या अधिक लोकशाहीवादी संस्थांना तेवढेही जमले नाही.

त्याच राजाच्या राज्यात, आटपाडी महालात, १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या, म्हणजे गांधींच्या परिवारातील भारतानंदांच्या, पुढाकाराने स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. भिंती नाहीत, कुंपण नाही. जन्मठेपेच्या कैद्यांनी शेती करून जगावे, असा तो प्रयोग. औंधच्या प्रजेला स्वराज्याची घटना देण्याचा उपक्रम याच वर्षीचा. शेटफळ्यात १९१९ मध्ये जन्मलेल्या आणि आटपाडी, कुंडल, औंध येथे शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये राजकमलतर्फे ‘दो आँखें बारह हाथ’ निर्माण केला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, १९५८ मध्ये बर्लिनचे रौप्य अस्वल, पुढे अमेरिकेतील सन्मान, अशा मार्गाने हा चित्रपट अभिजाताच्या यादीत पोचला. तिथे पोचताना त्याने काय मागे टाकले, हे पाहणे उद्बोधक आहे. पडद्यावरचा माळ कोणत्याही मुलखाचा माळ आहे. आदिनाथ हा जेलर आदर्शाची मूर्ती आहे. संस्थान, त्याची घटना, परदेशी अभियंता, पाण्याविना शेती करण्याचा माणदेशी व्यवहार यांपैकी काहीच उरलेले नाही. सहा कैद्यांच्या हृदयपरिवर्तनाची नीतिकथा वैश्विक होण्यासाठी आटपाडीचे नाव गळून पडावे लागले. शांताराम यांनी हे हेतुतः केले असे नव्हे. नीतिकथेच्या घाटाचीच ती मागणी होती. पण अभिजाताच्या याद्या पुष्कळदा अशाच कृतींना उचलतात, ज्यांनी आपली माती आधीच झटकलेली असते.

‘बनगरवाडी’चे उदाहरण याच्या उलट जाते. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर आलेला तरुण शिक्षक, कारभारी, मोठ्या खटपटीने उभी राहिलेली तालीम, राजाची भेट आणि अखेरीस दुष्काळाने रिकामी होत गेलेली वाडी, एवढ्यावर तिची उभारणी आहे. अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये तिच्यावर चित्रपट केला, पटकथा माडगूळकरांचीच होती. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. येथे मुलूख पुसला गेलेला नाही. किंबहुना मुलूख हाच आशय आहे. कारभाऱ्याच्या भूमिकेत चंद्रकांत मांढरे यांच्यासारखा, जुन्या मराठी लोकप्रिय चित्रपटाचा नायक घेण्यातही एक मार्मिकता होती. तंबूतल्या प्रेक्षकाच्या ओळखीचा चेहरा कलात्मक चित्रपटात वार्धक्य घेऊन परतला होता. परंतु तो चित्रपट पोचण्याचे मार्ग ठरलेले होते: महोत्सव, दूरदर्शन, सोसायटी. ज्या वाड्यांविषयी तो बोलतो तिथल्या यात्रेत तंबूवाल्याने तो लावण्याचा व्यवहार संभवनीय नव्हता.

येथे ‘स्वतंत्र’ या संज्ञेचाही विचार करावा लागतो. अमेरिकी संदर्भात ती मोठ्या स्टुडिओंच्या पकडीबाहेर निर्माण झालेल्या चित्रपटाला लागू होते. आपल्याकडे ज्याला समांतर किंवा नवा चित्रपट म्हटले गेले, तो मुख्यतः शासनाच्या पैशावर उभा राहिला. १९६० मध्ये स्थापन झालेले फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आणि १९७५ मध्ये आलेले राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ यांच्याशिवाय या प्रवाहाचा इतिहास लिहिता येत नाही. ‘बनगरवाडी’ही महामंडळ आणि दूरदर्शन यांच्याच आधाराने झाला. बाजारापासून स्वतंत्र असणे म्हणजे राज्यसंस्थेवर अवलंबून असणे, हे त्या काळातील वास्तव होते. आणि राज्यसंस्था निर्मितीला पैसा देई, प्रदर्शनाकडे मात्र पाठ फिरवी. ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी दूरदर्शनवर दाखवले जाणारे प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट हा त्यातला एकमेव मोठा अपवाद. ज्या गावात वीज आणि एखादा संच होता तिथे तेवढ्यापुरते मल्याळम किंवा बंगाली चित्रपट पोचले. तो काळ कंटाळवाण्या दुपारींचा म्हणून विनोदाचा विषय झाला आहे. पण सभासदत्वाची अट नसलेली ती देशातील सर्वांत मोठी फिल्म सोसायटी होती, हे विसरता कामा नये. जागतिक सेवेच्या यादीत ‘स्वतंत्र’ हे एकच लेबल लावले की हा सगळा गुंतागुंतीचा व्यवहार नाहीसा होतो आणि सरकारी कर्जावरचा चित्रपट न्यूयॉर्कमधल्या एखाद्या काटकसरी निर्मितीचा भाऊबंद दिसू लागतो.

निवडीची कात्री एकाच लेखकाच्या कर्तृत्वातून कशी फिरते, याचे उदाहरणही माडगूळकरांच्याच ठायी मिळते. १९५९ चा अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. त्याच्या पटकथा-संवादांत व्यंकटेश माडगूळकरांचा हात होता, गीते थोरल्या माडगूळकरांची होती. गावगाड्यातील सत्ता, स्त्रीची विटंबना आणि फडावर उभे राहून तिने मागितलेला न्याय हे त्याचे विषय कादंबरीकार माडगूळकरांना परके नव्हते. तरीही मराठीतील अभिजात चित्रपटांचा विचार करताना ‘सांगत्ये ऐका’कडे उपाधी लावूनच पाहिले जाते: लोकप्रिय, तमाशाप्रधान, त्या काळात गाजलेला. गंमत अशी की या शीर्षकाला कलात्मक चित्रपटाच्या मंडपात प्रवेश मिळाला तो आडवाटेने. हंसा वाडकर यांनी आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. ‘भूमिका’ आज कोणत्याही निवडक यादीत मानाने बसतो. नटीच्या जीवनाची शोकांतिका अभिजात ठरली; जो चित्रपट तिने उभा केला, ज्यावर तंबूतला प्रेक्षक जीव टाकत होता, तो मात्र पुराव्याच्या सदरात राहिला. ‘बनगरवाडी’ आणि ‘सांगत्ये ऐका’ यांना एकाच महिन्याच्या यादीत शेजारी ठेवणारा संयोजक अजून व्हायचा आहे. आणि तसे केल्याखेरीज माडगूळकरांच्या ग्रामजीवनदर्शनाचे पूर्ण मापही घेता येणार नाही.

अर्थात निवड नेहमीच शिल्लकीतून होते. प्रत उरली असेल तरच अभिरुचीचा प्रश्न उद्भवतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेटवरील जुन्या चित्रपटांचा मोठा साठा जळाला. त्यात प्रभातच्या काळातील मौल्यवान सामग्री होती. जे वाचले त्याचे संवर्धन संग्रहालयाकडे, आणि ते संग्रहालयही २०२२ मध्ये महामंडळात विलीन करण्यात आले. ज्या चित्रपटांना पुरस्कार होते, परदेशी महोत्सवांचे शिक्के होते, त्यांच्या प्रती जपल्या जाण्याची शक्यता अधिक. तंबूंतून फिरलेल्या प्रती मात्र यंत्राच्या दातऱ्यांनी फाटेपर्यंत चालवल्या गेल्या. प्रेक्षकांनी ज्यावर सर्वाधिक प्रेम केले तेच सर्वाधिक झिजले. स्वच्छ प्रत, निर्विवाद हक्क आणि इंग्रजी उपशीर्षके या तीन गोष्टी तयार असल्याशिवाय कोणतीही सेवा चित्रपट घेत नाही, हे तांत्रिक कारण म्हणून सांगितले जाते. पण त्या तीन गोष्टी कोणत्या चित्रपटापाशी असतात, हे ठरवणारी सामाजिक प्रक्रिया पन्नास वर्षे आधी घडून गेलेली असते.

तंबूचा शेवट या प्रक्रियेवर वेगळाच प्रकाश टाकतो. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील फिरत्या चित्रपटगृहांचा कित्येक वर्षे माग काढून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेखाने गौरव झाला. गंजलेला प्रोजेक्टर, कालबाह्य होत चाललेली रिळे, डिजिटल यंत्राचे आगमन, पडद्यासमोरची मुले हे सर्व त्यात ममत्वाने टिपलेले आहे. अशा रीतीने जत्रेतला तंबू अखेर अभिजात-स्वतंत्र चित्रपटांच्या दालनात आला. पण आला तो विषय होऊन. आतापर्यंत माळ आला होता, धनगर आला होता, तमासगीर स्त्री आली होती. आता प्रेक्षकही दृश्य झाला. ग्रामीण साहित्याच्या चळवळीने सत्तरीच्या दशकात ‘लिहिणारा कोण’ हा प्रश्न विचारून मराठी समीक्षेला अस्वस्थ केले होते. ‘पाहणारा कोण’ हा प्रश्न चित्रपटाच्या बाबतीत तितक्या तीव्रतेने कोणी विचारला नाही. समीक्षेचा हा आळस आता महाग पडू लागला आहे.

कारण भौगोलिक अडचण बरीचशी संपली आहे. दहिवडीत, म्हसवडला, आटपाडीच्या वाड्यांवर फोनवर चित्रपट दिसतो. रेल्वेच्या पेट्यांची वाट पाहावी लागत नाही, सभागृह लागत नाही, तंबू लागत नाही. राहिली आहे ती मध्यस्थी. या संदर्भात कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्याचे उदाहरण आठवते. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम संस्थेने सत्तरीच्या दशकात चित्रसमाज चालवला आणि सतीश बहादूर यांच्यासारख्या आस्वादशिक्षकाच्या साहाय्याने जगातील श्रेष्ठ चित्रपट सुपारीच्या बागांत राबणाऱ्या लोकांना दाखवले. निवडीत तडजोड केली नाही. केले ते इतकेच, की चित्रपटाचा परिचय आणि त्यावरची चर्चा कन्नडमधून ठेवली. खेड्याला ‘सोपे’ काही द्यावे लागते, हा समज तिथे खोटा ठरला. मराठीत असा प्रयत्न तालुक्याच्या पातळीवर रुजला नाही. वास्तविक ‘बनगरवाडी’चा शिक्षक ज्या प्रकारची मध्यस्थी करतो, म्हणजे बाहेरचे काही वाडीपर्यंत आणून, वाडीच्याच मदतीने उभे करणे, तिचे वर्णन करणारी कादंबरी मराठीपाशी १९५५ पासून आहे.

म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालते. कोणत्या वेळी काय ऐकवावे, ओवी केव्हा, पिकाची माहिती केव्हा, याचा निर्णय तेथील माणसे घेतात. ध्वनीच्या बाबतीत जे शक्य झाले ते चित्रपटाच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही. आजची सेवा मात्र इराणी मेंढपाळाचा चित्रपट माणदेशी मेंढपाळाच्या मुलासमोर ठेवते ती इंग्रजी अक्षरांसह. फारसीतले वाक्य मराठीत उतरवण्याचा खर्च अगदी किरकोळ आहे, आणि मराठी विभाग असलेल्या विद्यापीठांमध्ये भाषांतराचे अभ्यासक्रमही आहेत. एका महिन्याचे तीस चित्रपट, प्रत्येकी हजार-बाराशे वाक्ये: पदव्युत्तर वर्गाच्या एका सत्रात होण्याजोगे काम.